डाव्या पायाचं वजन

पिरंगुटहून भऱ्याकडं वळताना उजव्या हाताला एक टायरचं दुकान लागतं. तिथं बारा वर्षं माझं गॅरेज होतं. जागा भाड्यानं देताना मी एकच अट घातली, मागच्या भिंतीचा डावा कोपरा रंगवायचा नाही. तिथं फॅनबेल्ट टांगायच्या खिळ्याखाली पेन्सिलनं लिहिलेले सहा आकडे आहेत: अठरा, सतरा, सतरा, पंधरा, बारा, नऊ. भाडेकरू भला आहे, अट पाळतो. फक्त गिऱ्हाइकांना सांगतो की हे आमच्या मालकांचे मटक्याचे आकडे. मी आयुष्यात मटका खेळलो नाही. ते आकडे भरे गावच्या बबनअण्णांच्या डाव्या पायाचे आहेत, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीचेही आहेत.

चूक क्लचची होती. तेव्हा आधी क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते ठाऊक नसतं आणि दहावा चुकीचं सांगतो. गाडीचं इंजिन चालू असेतो फिरतच राहतं. चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. या दोघांची गाठ घालणारा आणि सोडणारा तो क्लच. इंजिनाच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असतं, त्याला आम्ही फ्लायव्हील म्हणतो. त्याच्यासमोर स्प्रिंगांची एक ताटली, ती प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये दाबून धरलेली चकती म्हणजे क्लचप्लेट. दोन तव्यांमध्ये भाकरी दाबून धरावी तशी. डाव्या पायानं पेडल दाबलं की ताटली मागं सरते, भाकरी मोकळी होते, गाठ सुटते. पाय सोडला की पुन्हा घट्ट. एवढंच आहे. पण या एवढ्यावर माझ्या घरची चूल बारा वर्षं पेटली.

मी गॅरेज टाकलं ते अठ्ठ्याण्णव साली. तेव्हा या रस्त्याला गाड्या कमी आणि माल जास्त होता. विटांचे टेम्पो, भाताची पोती वाहणारे छोटे ट्रक, आणि वडापच्या जीपगाड्या. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा माणसं, टपावर दोन कोंबड्यांच्या पाट्या आणि मागच्या फळीवर लोंबकळणारा एक जण, त्याला आम्ही मोजायचो नाही. अशा गाड्यांचा क्लच चढाला घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. म्हणून आमच्याकडं आलेला प्रत्येक गडी एकच म्हणायचा, "दत्ता, कडक बसव."

कडक म्हणजे जाड अस्तराची प्लेट आणि तिच्यावर ताकदवान स्प्रिंगा. पेडल दाबताना पोटरीला गोळा येईल, पण घाटात गाडी मागं सरायची नाही. मुळशीतल्या गाडीचा क्लच कडकच हवा, हे आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नसे. मी गिऱ्हाइकाला विचारायचो तो प्रश्नही एकच, "माल किती भरतोस?" कडक क्लच बसवणारा मिस्त्री म्हणून माझं नाव पौडपर्यंत गेलं होतं, आणि ते नाव मला चांगलंच मानवलं होतं.

बबनअण्णा मूळचे महाळुंग्याचे. तिथली जमीन इमारतींना गेली तेव्हा त्यांनी भऱ्यात भातशेती घेतली, घर बांधलं आणि उरलेल्यातून एक गोष्ट अशी केली की सगळा गाव हसला. त्यांनी एक जुनी, लाल, दोन दारांची विलायती स्पोर्ट्‌स कार विकत घेतली. मेणकापडाचं छप्पर, तारेची चाकं, आणि बसायला जागा दोनच. गाडीचं नाव मी लिहीत नाही. ओळखणारे वर्णनावरून ओळखतील आणि बाकीच्यांना नाव सांगून काही फरक पडणार नाही. गाडी गावात आली त्या दिवशी पारावर कोणीतरी विचारलं, "अण्णा, दोघांचीच गाडी? तिसरा आला तर?"

"तिसऱ्यानं यष्टीनं यावं," अण्णा म्हणाले.

अण्णांचं त्या गाडीशी जुनं नातं होतं. तरुणपणी ते पुण्यात एका साहेबांच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. घरची मोठी गाडी अण्णा चालवायचे. लाल गाडी साहेब स्वतः चालवायचे, अण्णांनी ती फक्त धुवायची आणि पुसायची. अकरा वर्षं त्यांनी ती पुसली. एकदा त्यांची बायको, म्हणजे आमच्या इंदूकाकी, डबा घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आल्या होत्या. नवी नवरी, गाव सोडून पहिल्यांदाच पुण्यात आलेली. लाल गाडी बघून त्यांनी विचारलं, "आत बसल्यावर कसं वाटतं वो?" अण्णा म्हणाले, "मला काय ठाव. मी निसती पुसतो." पुढं साहेब गेले, गाडी मेणकापडाखाली वर्षानुवर्षं उभी राहिली. साहेबांची मुलगी परदेशी निघाली तेव्हा तिनं अण्णांना शोधून काढलं. म्हणाली, या गाडीला नीट ठेवेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. हे सगळं मला अण्णांनी पहिल्याच दिवशी, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सांगितलं. हात अशा बेतानं ठेवला होता की बोटांचे ठसे उठू नयेत. सवय जात नाही.

गाडी माझ्याकडं आली दोन हजार चारच्या मे महिन्यात. क्लच पार गेला होता. चाळीसच्या वर वेग नेला की इंजिन रडायचं आणि जळक्या अस्तराचा वास यायचा. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

या गाडीची एक खोड होती. बाकीच्या गाड्यांचा गिअरबॉक्स खालून उतरवला की क्लच हाती लागतो. हिचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच वर उचलावं लागायचं. म्हणजे एका चकतीसाठी गाडीचं पोटच रिकामं करायचं. मी गॅरेजमागच्या आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधली, रेडिएटर काढला, बॉनेट उतरवलं आणि इंजिन इंच इंच वर घेतलं. बघायला अर्धा गाव जमला. वडापच्या जीपगाड्यासुद्धा थांबल्या. एक म्हातारा म्हणाला, "औंदा आंब्याला इंजान लागलंय." अण्णा मात्र हसले नाहीत. ते इंजिनाखाली हात पसरून उभे होते, जणू पडलं तर झेलणार होते.

जुनी प्लेट बाहेर आली. मी ती उन्हात धरून पाहिली. अस्तर रिव्हेटांपर्यंत जळलेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग, आणि पेडल दाबल्यावर ताटलीला टेकणारं बेअरिंग पार झिजून गेलेलं. आम्हा लोकांना यातून चालवणारा कसा आहे ते कळतं. हा माणूस गाडी चालवताना डावा पाय पेडलवरच ठेवतो, उचलत नाही. त्याला आम्ही हाफ क्लचवर चालवणं म्हणतो, आणि ड्रायव्हरला ही शिवी समजली जाते.

मी अण्णांना चार माणसांत ऐकवलं. "अण्णा, अकरा वर्सं साहेबाची गाडी चालवली म्हनता आन्‌ पाय पेडलवरनं काढत न्हाई? नवी प्लेट बी जाळताल अशानं. पाय खाली ठेवत जावा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "व्हय. काढीन," एवढंच म्हणाले.

त्या खाली गेलेल्या मानेचं मला आजही वाईट वाटतं. आदल्या वर्षी अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं, हात, चालणं, सगळं परत आलं होतं, फक्त डावा पाय थोडा ओढायचे. ते साऱ्या गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पेडलवरचा पाय ही खोड नव्हती. एकदा खाली ठेवलेला पाय पुन्हा वर उचलून पेडलवर नेणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते तो तिथंच ठेवत होते. झिजलेलं बेअरिंग मला हे सांगत होतं. आणि मी त्यातून फक्त शिवी वाचली.

प्लेट घेऊन मी पुण्याला पेठेत गेलो. तिथं क्लचला अस्तर लावून देणारे एक चाचा होते, सत्तरीचे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा त्यांचा चष्मा. साठ-सत्तर सालच्या गाड्यांचे भाग पुण्यात कोणाकडं नसले तरी त्यांच्या माळ्यावर असायचे. त्यांनी प्लेट हातात फिरवली, बोटानं दात मोजले आणि म्हणाले, "दो रास्ते आहेत. इसका असली माल मुंबईत एकाकडं आहे, मंगवावा लागेल, टैम लागेल. नरम असतो तो, मेमसाबच्या पण पायाचा. नहीं तो तुमच्या टेम्पोसारखा करून देतो. जाड अस्तर, कडक स्प्रिंग. परवा घेऊन जा." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "चलानेवाला कौन है?"

मी म्हणालो, "चाचा, इंजिन लई दमदार आहे. घाटाचा रस्ता आहे. कडकच करा."

त्यांनी विचारलं होतं माणसाबद्दल, मी उत्तर दिलं इंजिनाबद्दल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बसवण्याचं काम मात्र मी जीव ओतून केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. फ्लायव्हील लेथवर घासून आरशासारखं करून आणलं. प्लेट बरोबर मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही, म्हणून ती मध्यावर धरायला एक डमी दांडा लागतो. या गाडीचा कुठं मिळणार? आमच्या गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचा करून दिला, कानस मारून मारून. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरत फिरत आवळत गेलो. एक पूर्ण आवळला आणि मग दुसरा, असं केलं तर ताटली वाकते. आठव्या दिवशी इंजिन आंब्यावरून उतरलं आणि आपल्या जागी बसलं.

"किती दिस टिकंल ह्यो?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यानंतर बी टिकंल," मी म्हणालो. असं बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यायला हवी. अण्णा हसले.

त्यांनी गाडी बाहेर काढली तेव्हा ती दोनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून रस्त्याला लागली. मी ओरडून सांगितलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. अण्णांनी हात वर केला. "लई भारी झालंय," म्हणाले. मी पुढचे पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की विलायती गाडीला आम्ही मुळशीचा क्लच बसवलाय.

मग पाऊस आला, भाताच्या लावण्या आल्या. लाल गाडी काही रस्त्यावर दिसेना. एकदा अण्णा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेले दिसले. मी विचारलं, गाडी कुठंय? "पावसात काडत न्हाई," ते म्हणाले. मला ते पटलं. मेणकापडाचं छप्पर, गळत असणार.

श्रावणात एका दुपारी इंदूकाकी गॅरेजवर आल्या. एकट्या, चालत, पिशवीत चार काकड्या. काकड्या टेबलावर ठेवल्या, स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी चहा मागवला.

"दत्ता, येक सांगाया आले. मी आले व्हते ह्ये त्यास्नी सांगू नगं," त्या म्हणाल्या. "तुझा क्लच त्यास्नी दाबत न्हाई."

मी म्हणालो, "दाबत न्हाई म्हंजी? मी सोता दाबून बघितलाय की."

"तुझा पाय हाय त्यो. त्यांचा न्हवं." काकींनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. "रोज सकाळी शेडात जाऊन गाडीत बसत्यात. डावा पाय पेडलवर ठिवत्यात आन्‌ दोनी हातानं गुडघा खाली दाबत्यात. आसं. तवा कुटं जातुया त्यो खाली. मंग स्टेरिंग कोन धरनार? मी म्हनलं, मी धरते. तर हसले. त्या दिसापासनं मी शेडात गेले की उतरून भायेर येत्यात."

"मला का न्हाई बोलले?"

"म्हनले, दत्तानं इंजान झाडाला टांगून आठ दिस घाम गाळलाय. त्याच्या कामाला नाव ठेवायचं न्हाई." मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरगा म्हनतुया, इकून टाका. त्ये बी आता व्हय म्हनाया लागल्यात. मला गाडीचं काय न्हाई. मला आपली यष्टी बरी. पर त्या गाडीत बसले की त्ये येगळंच बोलत्यात माज्यासंगं. घरात न्हाई बोलत तसं. तेवढं ऱ्हावं."

काकी गेल्यावर मी बराच वेळ एका टेम्पोखाली नुसता पडून राहिलो. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, मिस्त्री कामात आहे.

आता प्रश्न होता, काकी आल्याचं न सांगता अण्णांच्या घरी जायचं कसं. शेजारच्या दवाखान्यातला वजनाचा काटा, माणसं ज्यावर उभी राहतात तो, मी मागून घेतला आणि भऱ्याला गेलो. आधी शेडमध्ये गाडीचं पेडल मोजलं. काटा पेडलवर आडवा धरला, मागं लाकडाचा ठोकळा लावला आणि पायानं दाबत नेला. पेडल तळाला गेलं तेव्हा सुई सत्तावीस किलोवर होती. एवढं वजन एका गिअरला. भऱ्याहून धरणापर्यंत किती गिअर पडतात ते तुम्हीच मोजा.

अण्णांना म्हणालो, "अण्णा, नवी पद्धत आलीय. आता क्लच बसवला की ड्रायव्हरचा पाय मोजत्यात. कंपनीचा नियम हाय." कुठल्या कंपनीचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खुर्ची ओट्यावर ठेवली, काटा समोरच्या भिंतीला उभा टेकवला आणि त्यांना म्हटलं, दाबा. आधी उजवा. सुई एक्केचाळीसवर गेली. मग डावा. पाय थरथरत होता. ओठ आवळून त्यांनी जोर लावला. सुई अठरावर थांबली आणि तिथंच हलत राहिली.

अण्णांनी वाकून आकडा बघितला. "आन्‌ पेडल किती?"

"सत्तावीस."

त्यांनी घराच्या दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं, पण आत भांडी वाजायची थांबली होती. "इंदीनं सांगितलं व्हय?"

"न्हाई वो. कंपनीचा नियम."

"तुला खोटं बोलता येत न्हाई, दत्ता," ते म्हणाले. "काट्याला बी येत न्हाई. ह्ये बरं झालं. मला वाटायचं, मलाच भ्या वाटतंय."

मी त्यांची माफी मागितली. चार माणसांत बोललो होतो त्याची, आणि क्लचचीही. माफी मागायची आम्हा गॅरेजवाल्यांना सवय नसते, त्यामुळं ती वेडीवाकडी झाली. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. आता काय कराया लागंल त्ये सांग."

करायला लागणार होतं ते सगळं पुन्हा. मी चाचांकडं गेलो. त्यांनी पायाचा आणि पेडलचा आकडा ऐकला आणि पुढं काही न विचारता मुंबईचा माल मागवला. पावसात आंब्याखाली काम होणार नव्हतं, म्हणून गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पाइपांची तिवई उभी करून तिला चेनपुली लावली. इंजिन दुसऱ्यांदा बाहेर आलं. या वेळी मी प्रत्येक गोष्ट वजनाचा काटा डोळ्यांसमोर ठेवून केली. नवी ताटली नरम स्प्रिंगांची होती. पण पेडल जड होण्याला तेवढंच कारण नसतं. पेडलचा खिळा गंजलेला, तो बदलून ग्रीस भरलं. क्लचचं तेल काळं पडलं होतं, ते काढून नवं घातलं, हवा काढली. ताटली मागं सारणारा आतला फोर्क एका बाजूनं झिजलेला होता, तो भरून घासून घेतला. एकेक केलं की माझ्या मनाचा तराजू सांगायचा, दोन किलो उतरले. सगळं जोडून झाल्यावर पेडल मोजलं. अकरा किलो.

अण्णांना खरं ते सांगितलं. "हा क्लच कडक न्हाई. जोरात पळवली, चढाला हाफ क्लचवर धरली, तर लवकर जाईल. पहिल्यासारखा टिकणार न्हाई."

"मला बी कुटं टिकायचंय," अण्णा म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी शेडमधून निघाली ती एकदाही न थांबता, न उडी मारता वळणापर्यंत गेली. वळणावर मागचा लाल दिवा लागला, विझला, आणि गिअर बदलल्याचा तो बारीक आवाज आला. शिट्टी वाजवावी असं वाटलं होतं. वाजवली नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला अण्णा आणि काकी गाडी घेऊन आले. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. मी दवाखान्याला नवा काटा घेऊन देऊन जुना ठेवून घेतला होता, तोही त्या वर्षी पूजेत मांडला. काकींनी त्याला कुंकू लावलं. मी भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं, अठरा. अण्णा म्हणाले, "दर साली मोजायचं. अकराच्या खाली गेलं की बास. तवा तू बोलू नगंस. मीच बोलीन."

पुढची पाच वर्षं दर रविवारी सकाळी ती लाल गाडी माझ्या दारावरून जायची. काकी पदर घट्ट कानामागं खोचून बसलेल्या. धरणाच्या काठापर्यंत जायचे, भजी खायचे आणि उन्हं चढायच्या आत परत यायचे. अण्णा काय बोलायचे ते मला ऐकू यायचं नाही. पण बोलत असायचे, हे दिसायचं.

काट्यानं माझा धंदाही बदलला. तोवर रस्त्याला नवी माणसं यायला लागली होती. कोणी लातूरचं, कोणी अमरावतीचं. भरे-पिरंगुटला खोली घ्यायची आणि संगणकाच्या कंपनीत जायचं. लातूरची एक मुलगी जुनी छोटी गाडी घेऊन आली. ऑफिसातले सगळे तिला सांगायचे, मॅडम तुम्हाला क्लच जमत नाही, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या. ती मला म्हणाली, "काका, मला चालवता येत नाही हो. दर सिग्नलला बंद पडते." मी तिला खुर्चीवर बसवून पाय मोजला, गाडीचं पेडल मोजलं. पायात काही खोट नव्हती. केबल आतून गंजली होती आणि तिच्या आधीच्या मालकानं आमच्याच भागात कुठंतरी कडक ताटली बसवून घेतली होती. कोणाकडं, ते मी तिला सांगितलं नाही. ताटली उघडल्यावर आवळायची पद्धत ओळखीची वाटली होती. बदलून दिल्यावर ती गेली, पण अर्ध्या तासानं मुद्दाम परत आली, चक्कर मारून दाखवायला. टेम्पोवाले हसायचे, म्हणायचे, दत्ता आता पाय बघून पत्रिका सांगतो. हसू देत. मी "माल किती भरतोस" विचारायचं सोडलं नाही, पण त्याच्या आधी "चालवणार कोण" विचारायला लागलो. चाचांचाच प्रश्न. त्यांना हे सांगायला एकदा पेठेत गेलो, तर दुकानाला कुलूप होतं. शेजारी म्हणाला, गेल्या उन्हाळ्यातच वारले.

आकडे मात्र आपल्या गतीनं चालले होते. सतरा. पुन्हा सतरा, तेव्हा आम्ही पेढे खाल्ले. मग पंधरा. मग बारा. बाराच्या वर्षी अण्णा काट्यावरून पाय काढत म्हणाले, "येक किलो हाय आजून." क्लच तोवर उत्तम चालत होता. लवकर जाईल असं मी सांगितलेला तो क्लच पायाच्या पुढं गेला होता.

दोन हजार नऊच्या खंडेनवमीला पाऊस लांबलेला होता, भातं पिवळी होऊन उभी होती. अण्णा खुर्चीवर बसले. पाय उचलून काट्यावर ठेवायला त्यांनी हातानं मदत केली, आम्ही दोघांनी ते पाहिलं नाही असं केलं. त्यांनी दाबलं. सुई नऊवर थांबली. मी म्हणालो, अण्णा, थांबा, दम घ्या, परत दाबू. ते म्हणाले, "न्हाई. बोललो व्हतो." खिळ्याला दोरीनं टांगलेली पेन्सिल त्यांनीच काढली, भिंतीला धरून उभे राहिले आणि बाराच्या खाली नऊ लिहिला. मग गाडीची चावी पूजेच्या ताटात, पान्यांच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं.

काकी म्हणाल्या, "गाडी घरला तर न्यायला लागंल."

"दत्ता नील," अण्णा म्हणाले. "मी बसतो शेजारी. तितं बसून कसं वाटतं, मला ठाव न्हाई. अकरा वर्सं पुसली, पाच वर्सं चालवली, पर तितं कदी बसलो न्हाई." आणि मग त्यांना आठवलं की जागा दोनच आहेत. त्यांनी काकींकडं पाहिलं.

"जावा तुमी," काकी म्हणाल्या. "म्या बसलेय पाच वर्सं. मी यष्टीनं येते."

मी चावी उचलली, कपाळाला लावली आणि बसलो. इतकी वर्षं ती गाडी माझ्या हातांखाली होती, पण तिला रस्त्यावर लांब नेण्याची माझी ही पहिलीच वेळ. अण्णांना सांभाळून शेजारी बसवलं. आरसे पुसलेले, लाकडी स्टेरिंग तेल लावून चमकवलेलं. मी क्लच दाबला. अकरा किलो. माझ्या पायाला तो लागलाही नाही.

फाट्यावरून वळलो, दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हलताना दिसलं म्हणून मी खाली पाहिलं. अण्णा समोर रस्त्याकडं बघत होते, हात मांडीवर होते, पण मी गिअरला हात घातला की त्यांचा डावा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर खाली जात होता. गिअर पडला की हळूच वर येत होता. त्या पत्र्याला वजन नव्हतं. तिथं नऊ किलो पुरत होते.

भऱ्याच्या आधी एक चढ आहे. तिथं मी भाताच्या पिवळ्या खाचरांकडं बघत राहिलो आणि गिअर उतरवायला जरा उशीर झाला. इंजिन धापा टाकायला लागलं. मी शेजारी पाहिलं. अण्णांचा पाय केव्हाचा दाबलेला होता, माझी वाट बघत.

"दाब की," ते म्हणाले.